रोडग्याचा घास

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या त्या आठवड्यात माझ्या सुनेनं, गीतांजलीनं, मला वेणी घालायला शिकवलं. मी एकाहत्तर वर्षांचा, नात आचल नऊ वर्षांची. तिच्या शाळेत दोन वेण्या लागतात.

"बाबा, तीन पेड सारखे घ्या," गीतांजली पलंगावर बसून सांगायची. "हा वरून, मंग तो वरून. इतकं ओढू नका, तिचं डोकं दुखते."

"आबा ओढतच नाहीत," आचल म्हणायची. "ते धरतच नाहीत."

खरंच होतं ते. अमरावतीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी अडतीस वर्षं काढली. सुटलेली पानं चिकटवली, पुस्तकांच्या पाठी शिवल्या. पण जिवंत माणसाच्या डोक्याला हात लावायचा म्हटलं की माझी बोटं कचरतात. पहिल्या दिवशीच्या वेण्या शाळेच्या फाटकापर्यंतही टिकल्या नाहीत.

"मी ऑपरेशनसाठी अकोल्याले भरती राहीन तेवढे चार-पाच दिवस जमलं म्हंजे झालं," गीतांजली म्हणाली.

त्या चार-पाच दिवसांत मीही अकोल्यालाच असणार होतो आणि आचल शेजारच्या केशरबाईंकडे. केशरबाईंनी तीन मुली वाढवल्या आहेत. त्यांना वेणी येते. हे गीतांजलीला माहीत होतं, मलाही माहीत होतं. म्हणजे ही शिकवणी चार-पाच दिवसांसाठी नव्हती. मी तीन पेड सारखे घेण्याचा प्रयत्न करत राहिलो.

गीतांजलीचं वजन एकशे सव्वीस किलो आहे. हा आकडा लिहितानाही मला अवघडल्यासारखं होतं, कारण सासऱ्यानं सुनेच्या अंगाविषयी चकार शब्द काढू नये अशा घरात मी वाढलो. माझा मुलगा विपुल चार वर्षांपूर्वी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. त्यानंतर ती घरात बसली ती बसलीच. ब्लाऊज शिवते, मशीनवरून पलंगावर, पलंगावरून मशीनवर. पस्तिशीत साखर लागली. गुडघे गेले. मी हे सगळं पाहत होतो आणि पाहत नसल्यासारखं दाखवत होतो. त्याला मी मर्यादा म्हणायचो. आता वाटतं, तो आळस असावा, किंवा भित्रेपणा.

ऑपरेशनचं ठरलं ते आचलमुळे. ती वर्गात झोपते अशी तक्रार बाईंनी केली. विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आई झोपेत श्वास घ्यायची थांबते. मग मी तिला हलवते. मी झोपली तर कोण हलवणार?"

गीतांजली त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच फोन करून अकोल्याच्या दवाखान्याची वेळ घेतली. तिथे नागपूरचे एक सर्जन दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी येतात.

पहिल्या भेटीत तिला काट्यावर उभं केलं तेव्हा मी भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. नर्सनं आकडा मोठ्यानं सांगितला. मी दाढांची नावं वाचत राहिलो. डॉक्टर भले होते. पोटाचा मोठा भाग कापून काढतात, उरलेलं पोट केळ्याएवढं राहतं, भूक कमी होते, साखर आटोक्यात येते, असं त्यांनी चित्र काढून समजावलं. "धोका कमी असतो," ते म्हणाले, "पण नसतोच असं मी म्हणणार नाही."

मी वाचणारा माणूस. घरी आल्यावर हा दुसरा अर्धा भाग मी वाचत बसलो. टाके उसवणं, रक्तस्राव, पायातली गाठ फुप्फुसात जाणं. आणि भूल देताना पोटात अन्न असेल तर ते वर येऊन श्वासनळीत उतरणं. वाचून माझं धैर्य वाढत नाही, फक्त भीतीला नावं मिळतात. गीतांजलीला यातलं काही सांगितलं नाही. तिला मी एक वही करून दिली. एकरेघी, स्वच्छ अक्षरात. पंधरा दिवस फक्त पातळ: ताक, वरणाचं पाणी, डॉक्टरांनी दिलेली पावडर. पोटावर पसरलेलं यकृत त्यानं आक्रसतं. शेवटचं कलम मी लाल शाईनं लिहिलं होतं: आदल्या रात्री दहानंतर काही नाही. पाणीसुद्धा नाही.

तिनं ते पंधरा दिवस काढले. ब्लाऊजची बाही दोनदा उलटी लागली, पण काढले. आचलच्या डब्यासाठी पोळ्या लाटताना ती तोंड फिरवून उभी राहायची.

माझी धाकटी बहीण माणिक भातकुलीजवळच्या गावात राहते. तिला कळलं तशी ती आली.

"पोट कापाले कोणी जाते का, दादा? चार दिवस उपाशी राह्यली तं आपोआप उतरते."

"उपाशी राहून पाह्यलं, आत्याबाई," गीतांजली म्हणाली. "भूक वाढली. मी तेवढीच राह्यली."

माणिक हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. जाताना दारात म्हणाली, "मी मारोतीले रोडग्याचा नवस बोलली हाय. तू काई म्हणू नको."

रोडगे म्हणजे गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे गोळे, आमच्याकडे मारोतीला त्यांचा नैवेद्य दाखवतात. मी काही म्हणालो नाही. विपुलच्या वेळी म्हणालो होतो. तेव्हाही तिनं फोनवर हेच सांगितलं होतं, आणि मी उत्तर दिलं होतं, "माणिक, रोडग्यानं ऑक्सिजन वाढत नाही." वाक्य मला चांगलं जमल्यासारखं वाटलं होतं. पाचव्या दिवशी विपुल गेला. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, हे मला कळतं. कळूनही ते वाक्य माझ्या पोटातून जात नाही.

दुसऱ्या शनिवारच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही एसटीनं अकोल्याला गेलो. दोन जणांच्या सीटवर गीतांजली खिडकीशी बसली, मी उभा राहिलो. कंडक्टर म्हणाला, "काका, बसा न." मी म्हटलं, "पाठ दुखते बसून." गीतांजली बाहेर पाहत राहिली. मूर्तिजापूरला एक जागा मोकळी झाली तेव्हा माझी पाठ बरी झाली.

शनिवारी सकाळी दवाखान्याच्या खोलीत ती हिरवा गाऊन घालून बसली होती. तिचा नंबर दुसरा, साडेबारा वाजता. बोटातली अंगठी निघत नव्हती म्हणून नर्स साबण लावून ओढत होती. विपुलनं दिलेली अंगठी होती ती. निघाली तेव्हा गीतांजलीनं ती माझ्या हातात दिली.

"आचलले द्याल," म्हणाली. मग जरा थांबून, "म्हंजे, ठेवून द्या."

साडेआठला माणिक आली. पहाटे पुतण्यानं तिला मोटारसायकलवर बडनेऱ्याला सोडलं आणि तिनं गाडी धरली. पदराला धुराचा वास होता. आदल्या संध्याकाळी गावाबाहेरच्या मारोतीजवळ गोवऱ्या पेटवून तिनं रोडगे भाजले होते. नवस खरं तर काम झाल्यावर फेडायचा. पण ती म्हणाली, "या वेळी मी देवाले आधीच देल्लं. उधारी ठेवली नाई."

स्टीलचा डबा उघडला. भाजलेल्या कणकेचा रोडगा कुस्करून त्यात तूप आणि गूळ. खोलीभर वास पसरला. पंधरा दिवस उपाशी असलेल्या माणसासमोर तो डबा. गीतांजलीच्या नाकपुड्या हललेल्या मी पाहिल्या.

"आत्याबाई, मले काही खाता येत नाही."

"खा कोण म्हणते? हा प्रसाद हाय, माय. एकादशीले सत्यनारायणाचा प्रसाद नाई घेत का आपण? उपास मोडते का त्यानं?"

माणिकनं घास उचलला. चिमूटभर नव्हता, चांगला लिंबाएवढा होता. तो तिच्या तोंडापुढे धरला. गीतांजलीनं तोंड उघडलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं.

लाल शाईचं कलम मीच लिहिलं होतं. पोटात अन्न असताना भूल दिली तर काय होतं ते त्या खोलीत मलाच माहीत होतं. पण त्या क्षणी मला ऑक्सिजनचं ते वाक्य आठवलं. नको म्हणालो आणि आज काही झालं तर? मी मान हलवली. हो म्हणून.

तिनं घास घेतला. माणिकनं आणखी एक दिला. तोही तिनं घेतला. डोळे मिटून, सावकाश चावून.

त्यानंतर नर्स आली. "रात्रीपासून काही खाल्लं-पिलं नाही ना?"

"नाही," गीतांजली म्हणाली. ती खोटं बोलत होती असं मला वाटत नाही.

"उपाशीच हाय पोरगी," माणिक म्हणाली. "तोंड पाहा न कसं सुकलं."

मी चष्मा पुसत होतो.

अकरा वाजता संमतीचा कागद आला. लोक असे कागद वाचत नाहीत. मी वाचतो, ती सवय आहे. नातं या रकान्यात मी 'सासरे' लिहिलं. विपुलच्या वेळी 'वडील' लिहिलं होतं. चौथी ओळ अशी होती: रुग्णाने सूचनेप्रमाणे काहीही खाल्लेले किंवा प्यायलेले नाही. मी ती ओळ तीनदा वाचली. नर्स हात पुढे करून उभी होती. बाहेर कोणीतरी तिला हाक मारत होतं. मी सही केली.

साडेबाराच्या आधीच स्ट्रेचर आलं. गीतांजली त्यावर चढली तेव्हा ते करकरलं. ती म्हणाली, "जपून हो, मोडलं तर भरून द्यावं लागंन." ढकलणारी माणसं हसली. लिफ्टचं दार लागेपर्यंत ती हसतच होती, फक्त तिचे हात चादरीच्या काठाला घट्ट धरून होते.

माणिक माळ ओढत बसली. मी बाकावर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. कोणालातरी सांगायचं होतं, पण काय सांगू? की मी वाचून, जाणून मान हलवली? की मी खोट्या कागदावर सही केली? ते मला विचारतील, तुम्ही शिकलेले दिसता. मी तसा दिसतो, हीच अडचण आहे. एवढ्याशा घासानं काय होणार, असंही मनात आलं. मग लिंबाएवढे दोन घास, तुपातले, आणि मध्ये चारसुद्धा तास नाहीत, हा हिशोब डोक्यात आपोआप होत राहिला.

मी जिन्यानं वर गेलो. तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशनच्या खोलीचं दार होतं. दारापाशी एक नर्स फोनवर बोलत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो. तिनं हातानं खूण केली, खाली थांबा. मी खिशातून एसटीचं तिकीट काढलं आणि त्याच्या पाठीवर लिहिलं: दुसऱ्या नंबरच्या पेशंटने आज सकाळी पावणेनऊला खाल्ले आहे. खाली सही केली. सवयीनं तारीखही घातली.

नर्सनं तिकीट वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फोन तसाच हातात धरून आत पळाली.

पुढची दहा मिनिटं मी जिन्याच्या कठड्याला धरून होतो. मग भूल देणाऱ्या डॉक्टरबाई बाहेर आल्या. तोंडावरचा मास्क खाली ओढला. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सुई लावली होती मी," त्या म्हणाल्या. "औषध द्यायचं राहिलं होतं. काय खाल्लं?"

"प्रसाद."

"प्रसाद पोटातच जातो ना, काका?"

मी हो म्हटलं.

संध्याकाळपर्यंत थांबून करता येईल का, असं माणिकनं विचारलं. सर्जनची सहाची गाडी होती, आणि साखरेच्या पेशंटचं पोट उशिरा रिकामं होतं, तुपाचं तर आणखी उशिरा. चौथा शनिवार मिळाला. सोमवारपासून तोपर्यंत पुन्हा फक्त पातळ.

"मी तं देवाचं देल्लं," माणिक पुटपुटत राहिली. "देवाचं बाधते का कोणाले?" मग डबा गीतांजलीच्या पिशवीत ठेवून ती स्टेशनकडे गेली. तिची चूक नव्हती हे मी तिला सांगायला हवं होतं. तिनं जे केलं ते विश्वासानं केलं. मी जे केलं त्यात विश्वासही नव्हता.

रविवारी सकाळी सुट्टी मिळाली. परतीच्या एसटीत मागची लांब सीट मोकळी होती. आम्ही शेजारी बसलो, मध्ये पिशवी. बोरगाव मागे पडल्यावर गीतांजली माझ्याकडे वळली.

मग म्हणाली, "तुमी मान हलवली ना, म्हणून खाल्लं मी. तुमी एवढं वाचता. मले वाटलं, बाबा हो म्हणून राहिले म्हंजे चालत असंन."

मी खाली पाहिलं.

"नाहीतर मले तुमी नाही म्हणायले पाहिजे होते," ती म्हणाली. "आत्याबाईले मी नाही म्हणू शकत नव्हती. भूक लागली होती, बाबा. लय भूक."

"चुकलं माझं."

"लिफ्टमध्ये गेली न मी, तर मनात एकच होतं, कोणीतरी थांबवा. मंग तुमी थांबवलं. मले बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की मले माझीच लाज आली." तिनं पिशवी जवळ ओढली. "आता पुन्हा जायची हिंमत कुठून आणू?"

 

मूर्तिजापूरला गाडी थांबली. लोक चहाला उतरले. गीतांजलीनं पिशवीतून माणिकचा डबा काढला, मांडीवर ठेवला, झाकण उघडलं. तूप थिजून पांढरं झालं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. शनिवारी सकाळी पाहिलं होतं तसंच.

"नको," मी म्हटलं.

तिनं झाकण लावलं. गाडी सुटल्यावर माझ्या लक्षात आलं की पातळ तर सोमवारपासून सुरू होणार होतं. त्या दिवशी तिनं खाल्लं असतं तर काही बिघडलं नसतं. पंधरा दिवसांच्या उपासानंतर एक दिवस मोकळा होता आणि तो मी घालवला. सांगावंसं वाटलं, पण ती डबा मांडीवर धरून खिडकीला टेकली होती, आणि ती झोपली की जागी आहे ते मला कळेना. मी तिचा श्वास ऐकत राहिलो. बडनेरा येईपर्यंत तो दोनदा थांबला. दोन्ही वेळा मी तिचा दंड हलवला. त्याआधी मी तिला कधी हात लावला नव्हता.

आज गुरुवार. चौथा शनिवार परवावर आला आहे. वहीत दहा दिवस भरले. दोन दिवसांपूर्वी माणिकचा फोन आला, तारीख विचारत होती. गीतांजलीनं मला मान हलवून नाही म्हटलं. मी म्हणालो, "अजून कळली नाही." फोन ठेवल्यावर बराच वेळ वाईट वाटलं.

गीतांजली जाईल की नाही, मला ठाऊक नाही. बॅग भरलेली आहे. काल संध्याकाळी ती उघडून तिनं टॉवेल बाहेर काढला आणि पुन्हा आत ठेवला. रोज सकाळी ती विचारते, "डॉक्टरचा फोन तर नाही आला, पुढं ढकललं म्हणून?" नाही म्हटलं की मान हलवून मशीनवर बसते. मीही त्या फोनची वाट पाहतो. यायला हवा की नको, हे मात्र मला ठरवता येत नाही.

आज सकाळी आचलच्या वेण्या मी घातल्या. पेड सारखे आले, रिबिनी सारख्या बसल्या. आचलनं आरशात पाहिलं आणि म्हणाली, "आबा, आज जमलं तुम्हाला."

गीतांजली मशीनवरून उठली. उठायला तिला वेळ लागतो, टेबलाला धरावं लागतं. ती आली, आचलच्या मागे उभी राहिली, आणि तिनं दोन्ही रिबिनी सोडल्या.

"वाकड्या झाल्या," म्हणाली.

वाकड्या झाल्या नव्हत्या. तिनं कंगवा घेतला, भांग पुन्हा पाडला आणि पहिल्यापासून वेण्या घालायला लागली. उभं राहून तिचे गुडघे दुखत होते, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आचलची शाळेची रिक्षा बाहेर हॉर्न वाजवत होती.

"आई, उशीर होते."

"होऊ दे," गीतांजली म्हणाली. "हालू नको."